छायाचित्रकार राजा दीनदयाळ

नांदेड जिल्ह्यातील बिलोली या गावी सतराव्या शतकातील एक दगडी मशीद आहे. नवाब सर्फराजखान यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्यासमोरून रोज कितीतरी माणसे जातात. कोणी बाजाराला जातो, कोणी कचेरीत, कोणी शाळेत. घडीव दगडावर घडीव दगड कसा बसविला आहे, कमानीच्या माथ्यावरचा दगड खाली का पडत नाही, वरचा सारा भार कोणत्या वाटेने जमिनीत उतरतो, हे प्रश्न मात्र फार थोड्यांना पडतात. डोळे सर्वांनाच असतात. परंतु वस्तूची रचना पाहणारी दृष्टी अभ्यासानेच येते. अशी दृष्टी ज्यांनी कष्टाने मिळविली आणि तिने पाहिलेले सारे काचेवर उतरवून पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेविले, असे एक थोर छायाचित्रकार एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. बिलोली, नांदेड, लातूर हा सगळा मुलूख त्या काळी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात मोडत असे. त्याच राज्याचे ते दरबारी छायाचित्रकार होते. त्यांचे नाव राजा दीनदयाळ.

दीनदयाळ यांचा जन्म इ. स. १८४४ मध्ये मीरतजवळील सरधना या गावी झाला. हे गाव आज उत्तर प्रदेश राज्यात आहे. त्यांचे घराणे जैन असून जवाहिऱ्यांचे होते. ते बारा-तेरा वर्षांचे असताना, १८५७ च्या मे महिन्यात, मीरतेच्या छावणीतूनच इंग्रजांविरुद्धच्या मोठ्या उठावाची ठिणगी उडाली. पुढील वर्षभर तो प्रदेश धामधुमीने होरपळून निघाला. ही धामधूम शमली तेव्हा देशात नवी राजवट, नवी खाती आणि नवी विद्या आली होती. दीनदयाळ यांनी या नव्या विद्येची वाट धरली. ते रुडकी येथील थॉमसन स्थापत्य महाविद्यालयात दाखल झाले.

रुडकीचे हे विद्यालय इ. स. १८४७ मध्ये स्थापन झाले होते. गंगेचा प्रचंड कालवा त्या भागात खोदला जात होता आणि त्या कामासाठी शिकलेली माणसे हवी होती. रुडकीजवळ सोलानी नदी आडवी येते. कालव्याचे पाणी नदीवरून पलीकडे न्यावयाचे, म्हणून तेथे कमानींचा एक लांबच लांब पूल बांधलेला आहे. खाली नदी वाहते आणि वर पुलावरून कालवा वाहतो! बांधकामशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगला धडा कोणता मिळणार? लाखो मण पाण्याचा भार एकेका कमानीने कसा पेलला आहे, हे गावाच्या वेशीवरच डोळ्यांना दिसत होते. या विद्यालयात दीनदयाळ मोजणी, नकाशे आणि बांधकामाचे हिशेब शिकले.

शिक्षण पुरे होताच, १८६६ मध्ये, त्यांना इंदूर येथे सरकारी बांधकाम खात्यात नोकरी मिळाली. इमारतीसाठी किती दगड, किती चुना, किती लाकूड लागेल याचे अंदाजपत्रक करावयाचे आणि तिचे नकाशे काढावयाचे, हे त्यांचे काम. वरवर पाहता हे काम रुक्ष वाटते. पण नकाशा काढणाऱ्याला इमारत नुसती पाहून चालत नाही. मनातल्या मनात ती उभी चिरून पाहावी लागते. भिंत किती जाड आहे, खांब कोणत्या तुळईला आधार देतो, घुमटाचा भार कोणत्या चार कोनांवर येतो, हे त्याला कळावेच लागते. गवंडी ओळंबा सोडून भिंत सरळ आहे की नाही ते पाहतो. आरेखकाच्या डोळ्यांतच असा एक ओळंबा असावा लागतो. दीनदयाळ यांनी सुमारे वीस वर्षे ही नोकरी केली. त्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत हा ओळंबा कायमचा बसला.

छायाचित्रणाकडे ते वळले १८७४ च्या सुमारास. तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते. ही कला त्या काळी नवीच होती. युरोपात तिचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला आणि लवकरच ती हिंदुस्थानात पोहोचली. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रणाची एक संस्थाही निघाली होती. तरीही सामान्य माणसाला ही जादूच वाटे. आणि जो ती करी त्याला मात्र ती जादू मुळीच वाटत नसे, इतके तिच्यात श्रम होते.

आज खिशातल्या दूरध्वनीने क्षणात छायाचित्र निघते. दीनदयाळ यांनी आरंभ केला त्या काळी काय करावे लागे ते पाहा. प्रथम काचेचा एक स्वच्छ तुकडा घ्यावयाचा. त्यावर कोलोडियन नावाचे चिकट द्रव्य सारखे पसरावयाचे. मग अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची, म्हणजे ती प्रकाशाला संवेदनशील होई. ही काच ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि ओली असतानाच अंधाऱ्या तंबूत नेऊन ते चित्र प्रकट करावयाचे. काच वाळली की सारे श्रम वाया! आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती वाळावयाला कितीसा वेळ लागणार? शिवाय त्या काळी चित्र मोठे करण्याची सोय सहजासहजी नव्हती. जेवढे मोठे चित्र हवे तेवढी मोठी काच, आणि जेवढी मोठी काच तेवढा मोठा कॅमेरा. कॅमेरा, तीन पायांची घोडी, काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या, तंबू आणि पाण्याची भांडी हा सगळा संसार बैलगाडीवर किंवा हमालांच्या डोक्यावर घालून डोंगरदऱ्यांतून न्यावा लागे. पुढे रसायने आधीच लावलेल्या कोरड्या काचा विकत मिळू लागल्या, तेव्हा हे श्रम पुष्कळ हलके झाले. तरी काच ती काचच. एक ठेच लागली तर महिन्याभराचे काम मातीत जाई.

छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेकडे पाही. त्या काचेवर समोरचे दृश्य उलटे दिसे. मंदिराचे शिखर खाली, पायथा वर! नवख्याला ते पाहून घेरी येईल. परंतु रचना पाहणाऱ्याला त्यात एक लाभही असे. वस्तू उलटी दिसली की तिचे नाव आणि तिची कथा क्षणभर विसरली जाते. उरतात त्या रेषा, आकार, छाया आणि प्रकाश. कोणता भाग कोणाला आधार देतो, कोठे मोकळी जागा आहे, कोठे जडपणा आहे, हे अशा वेळी स्पष्ट दिसते. नकाशे काढून तयार झालेल्या दीनदयाळ यांच्या डोळ्यांना ही उलटी दुनिया परकी वाटली नसेल, हे उघड आहे.

त्यांच्या कामाची कीर्ती हळूहळू पसरली. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर, दुसरे, यांनी त्यांना उत्तेजन दिले. मध्य हिंदुस्थानातील इंग्रज सरकारचे प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनीही त्यांच्या गुणांची पारख केली. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, त्या प्रसंगी छायाचित्रे घेण्याची संधी दीनदयाळ यांना मिळाली. पण राजेरजवाड्यांच्या चित्रांहूनही त्यांचे मन रमले ते जुन्या इमारतींत.

डेली यांच्यानंतर त्या जागी आलेले सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८० नंतरच्या काही वर्षांत दीनदयाळ यांनी बुंदेलखंड व आसपासच्या प्रदेशात प्रवास केला. ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहोची मंदिरे, दतिया आणि ओरछा येथील राजवाडे, मांडूचे महाल, सांचीचा स्तूप या सर्वांची छायाचित्रे त्यांनी घेतली. सांचीच्या स्तूपाची कथा तर विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोन हजार वर्षांचे ते प्राचीन स्थळ शतकानुशतके रानात विसरले गेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते पुन्हा प्रकाशात आले, तेव्हा काही उतावळ्या माणसांनी आत काय दडले आहे ते पाहण्यासाठी वेडेवाकडे खोदून त्याची मोठी नासधूस केली. १८८१ ते १८८३ या काळात तेथील पडलेली तोरणे पुन्हा उभी करण्यात आली. या तोरणांची बांधणी दगडाची असली तरी तिचा घाट लाकडी कामाचा आहे. दोन उभे खांब, त्यांवर एकावर एक अशा तीन आडव्या तुळया, जणू सुताराने सांधे जुळवून केलेली वेस. दीनदयाळ यांच्या चित्रांत नक्षी तर दिसतेच. पण नक्षीच्या आतली ही जुळणीही दिसते. त्यांची ऐंशीहून अधिक छायाचित्रे ग्रिफिन यांच्या मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध स्मारकांवरील ग्रंथात १८८६ मध्ये प्रसिद्ध झाली.

या प्रवासाने दीनदयाळ यांच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा केला. सरकारी नोकरी म्हणजे त्या काळी मोठी शाश्वती. दरमहा ठरलेला पगार, समाजात मान आणि म्हातारपणाची सोय. उलट छायाचित्रणाचा धंदा म्हणजे फुटक्या काचेचा भरवसा. त्यांच्या वयाची चाळिशी उलटली होती. पदरी मुलेबाळे होती. या वयात माणूस बहुधा आहे ते सांभाळतो. दीनदयाळ यांनी नोकरी सोडून कॅमेऱ्याची कास धरली. १८८५ च्या सुमारास ते इंदुराहून हैदराबादेस आले आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराचे छायाचित्रकार झाले. त्याच सुमारास हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयांनीही त्यांची आपले छायाचित्रकार म्हणून नेमणूक केली. १८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबाद येथे आपली चित्रशाळा उघडली.

निजामाचा दरबार वैभवाचा होता. त्याच्या मिरवणुका, मेजवान्या, शिकारी, महालांतील दालने या सर्वांची चित्रे दीनदयाळ घेत. निजामाने त्यांना राजा हा किताब दिला, तसेच मुसव्विर जंग असा बहुमानही दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. लढाईत शौर्य गाजविणाऱ्याला शोभावा असा किताब एका चित्र काढणाऱ्याला मिळाला, ही त्या कलेच्या इतिहासात एक अपूर्व गोष्ट होती. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांसाठी एक स्वतंत्र चित्रशाळा काढली. तेथील सारे काम एका इंग्रज बाईंच्या हाती होते. परपुरुषासमोर न येणाऱ्या स्त्रियांनाही आपले चित्र काढून घेता यावे, ही त्यामागील योजना. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या छायाचित्रांचा गौरव झाला.

परंतु मराठवाड्याच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोलाचे काम वेगळेच आहे. निजामाच्या राज्यातील प्रेक्षणीय स्थळांचा एक चित्रसंग्रह त्यांच्या संस्थेने १८९२ मध्ये तयार केला. त्यात वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ही आपली स्थळे आहेत. तसेच बिदर, गुलबर्गा आणि वरंगळही आहेत.

वेरूळच्या कैलास लेण्याचे छायाचित्र घेणे ही मोठी कसोटी असते. हे मंदिर बांधलेले नाही, कोरलेले आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कारागिरांनी डोंगराचा भाग वरून खाली खोदीत आणला. आधी कळस आणि मग पाया, असा हा उलटा क्रम! बांधलेल्या इमारतीत दगड दगडावर बसतो. येथे सारे मंदिरच एक दगड आहे. असे हे सुमारे शंभर फूट उंचीचे शिल्प तिन्ही बाजूंनी उभ्या कड्यांनी वेढलेल्या अंगणात उभे आहे. अंगणात उभे राहावे तर मान वर करूनही शिखर नीट दिसत नाही, आणि कॅमेरा वर कलवावा तर उभ्या रेषा तिरप्या होऊन मंदिर मागे कोसळते आहेसे वाटते. म्हणून एक तर कॅमेरा सरळ ठेवून त्याचे भिंग वर सरकवावे लागते, नाही तर तो सारा संसार घेऊन कड्याच्या माथ्यावर चढावे लागते. वरून पाहिले म्हणजेच कळते, की हे मंदिर म्हणजे डोंगरातून उरवून ठेवलेला डोंगरच आहे. लेण्याचे तोंड पश्चिमेकडे आहे. सकाळी समोरची बाजू सावलीत असते आणि दुपार कलली म्हणजे तिच्यावर ऊन येते. तेव्हा छायाचित्रकाराला तेथे घाई करून भागत नाही. दगड आपल्या जागचा हलत नाही. उन्हानेच त्याच्यापाशी यावे लागते.

वेरूळ-अजिंठ्याच्या कड्यांत निसर्गाचीही एक रचना दिसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून तप्त लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत येऊन थंड झाला आणि त्याच्या थरांवर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. एखाद्या गवंड्याने ओळीने दगड रचावेत तसे हे आडवे थर डोंगराच्या अंगावर उमटलेले असतात. अजिंठ्याला वाघोरा नदीने याच पाषाणाला घोड्याच्या नालेसारखे वळण दिले आहे आणि माणसाने त्या वळणातच आपली लेणी कोरली आहेत. लेण्याचे चांगले छायाचित्र घेणाऱ्याला डोंगराचे थर आणि लेण्यांची ओळ ही दोन्ही पाहावी लागतात. कारण निसर्गाने आखलेल्या नकाशावरच कारागिरांनी आपला नकाशा आखला होता.

दौलताबादच्या किल्ल्याची गोष्ट याहून वेगळी. तेथे डोंगराच्या कडा सभोवार ताशीव करून टाकल्या आहेत. येथे कारागिरांनी डोंगर कोरून मंदिर केले नाही. डोंगराचीच तटबंदी केली. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याची रचना आणखी निराळी. त्याचा खालचा भाग आणि घुमट संगमरवरी, तर मधल्या पुष्कळशा भागावर दगडावर चुन्याचा गिलावा आहे. या साऱ्या इमारतींपुढे दीनदयाळ यांचा कॅमेरा सारख्याच निष्ठेने सरळ उभा राहिला. मंदिर, मशीद, स्तूप, मकबरा, किल्ला असा भेद त्यांच्या ओळंब्याने केला नाही.

त्या काळच्या स्थापत्याच्या छायाचित्रांत पुष्कळदा एक माणूस उभा केलेला दिसतो. खांबाच्या पायथ्याशी, दाराच्या चौकटीत, हत्तीच्या शिल्पाजवळ तो स्तब्ध उभा असतो. त्याच्या उंचीवरून पाहणाऱ्याला खांबाच्या उंचीचा अंदाज यावा, एवढाच त्याचा उपयोग. तो जणू एक जिवंत मापकाठी असे. कोण होता तो? गावचा कोतवाल, गाडीवान, हमाल की लेण्यांचा राखणदार? चित्राखाली इमारतीचे नाव येते. त्याचे नाव येत नाही.

परंतु पुढे एक असा प्रसंग आला, की या माणसांकडेच कॅमेऱ्याला तोंड वळवावे लागले. १८९९ मध्ये पाऊस पडला नाही. १८९९-१९०० चा हा भीषण दुष्काळ लोकांच्या स्मरणात छप्पन्नाचा दुष्काळ म्हणून राहिला. कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होते. मराठवाड्यातही त्याने हाहाकार केला. विहिरी आटल्या, गुरे मेली, माणसे गाव सोडून निघाली. सरकारने दुष्काळी कामे काढली. त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातील दुष्काळी कामांची आणि आश्रयाला आलेल्या निराधार लोकांची छायाचित्रे दीनदयाळ यांच्या संस्थेने घेतली.

ज्या चित्रशाळेतून रत्नजडित पोशाखातील राजेमहाराजांची चित्रे निघत, तिच्याच काचांवर ही उपाशी माणसेही उमटली. ही चित्रे सरकारच्या इच्छेने घेतलेली होती. राज्य लोकांसाठी किती करते आहे, हे दाखविणे हा त्यांचा हेतू होता. पण कॅमेऱ्याच्या काचेपुढे जे येते ते सारेच तिच्यावर उमटते. घेणाऱ्याने मागितले तेवढेच उमटत नाही. आज ती चित्रे पाहताना सरकारी व्यवस्थेच्या आधी दृष्टीस पडतात ती त्या माणसांची शरीरे आणि चेहरे. इमारतीचा भार कोणी पेलला आहे हे पाहणाऱ्या कॅमेऱ्याने येथे राज्याचा भार कोणी पेलला होता तेच दाखविले. या माणसांचीही नावे कोठे लिहिलेली नाहीत. मात्र येथे ती मापकाठी म्हणून उभी नाहीत. चित्र त्यांचेच आहे.

१८९६ मध्ये दीनदयाळ यांनी मुंबईत एक मोठी चित्रशाळा उघडली होती. ज्ञानचंद आणि धरमचंद हे त्यांचे पुत्रही या व्यवसायात आले होते. व्हिक्टोरिया राणीकडूनही दीनदयाळ यांना सन्मान मिळाला. सामान्य नोकरीतून निघालेला माणूस कीर्तीच्या शिखरावर पोहोचला होता. १९०५ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर या व्यवसायाचे पूर्वीचे वैभव टिकले नाही. १९११ मध्ये त्यांचे आश्रयदाते निजाम महबूब अली खान हेही निवर्तले. काळ बदलला, हलके आणि स्वस्त कॅमेरे आले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये त्याचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. ज्या दरबारासाठी दीनदयाळ यांनी चित्रे घेतली तो दरबारही राहिला नाही. पण काचा राहिल्या. एका ठेचेने फुटणारी ती काच सत्तेहून अधिक टिकली! त्यांच्या वंशजांनी जतन केलेल्या काचांपैकी २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये घेतल्या. २००६ मध्ये भारत सरकारच्या टपाल खात्याने दीनदयाळ यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

या काचांचे मोल केवळ जुन्या आठवणींपुरते नाही. जुनी इमारत ढासळते, तिची डागडुजी होते, तिच्याभोवती वस्ती वाढते. शंभर वर्षांपूर्वी ती कशी होती, कोणता दगड कोठे होता, कोणती कमान तेव्हाच भंगलेली होती, हे जाणण्यासाठी संशोधकांना अशा चित्रांचा आधार घ्यावा लागतो. चित्र केवळ सुंदर असते तर हा उपयोग झाला नसता. ते सुंदर होते आणि खरेही होते. इंदूरच्या कचेरीत वीस वर्षे मापे घेऊन आणि हिशेब जुळवून दीनदयाळ यांनी जी शिस्त अंगी बाणविली, तिचे हे फळ होय. रुक्ष म्हणून ज्या कामाला आपण नाके मुरडतो, त्याच कामातून एखादे वेळी मोठ्या कलेचा पाया घातला जातो.

रचना पाहावयाची तर वेरूळलाच जावे लागते असे नाही. बिलोलीच्या मशिदीची कमान आहे, देगलूरजवळच्या होट्टलची जुनी मंदिरे आहेत, कंधारचा किल्ला आहे. त्याहूनही जवळ पाहावे. पिंपळाचे गळून पडलेले पान कुजले म्हणजे त्याच्या शिरांची बारीक जाळी मागे उरते. पानाने इतके दिवस उन्हापुढे अंग कसे ताणून धरले होते, ते त्या जाळीत दिसते. बैलगाडीच्या चाकाचे आरे, अंगणातल्या बाजेची वीण, बुरुडाने विणलेली टोपली, सुगरणीचा खोपा या प्रत्येक वस्तूत कोणी तरी कोणाला तरी धरून ठेवलेले असते. ते ओळखणारी नजर असली की कॅमेरा हाती नसला तरी अर्धे चित्र झालेले असते.

दीनदयाळ यांनी आपल्याला वैभवशाली इमारती दाखविल्या. त्यांच्या चित्रांत खांबाशेजारी उभा असलेला तो निनावी माणूसही त्यांनीच आपल्याला ठेवून दिला आहे. इमारत किती उंच आहे हे सांगण्यासाठी त्याला तेथे उभे केले होते. आज इतक्या वर्षांनी त्याच्याकडे पाहताना ध्यानात येते, की तो डोंगर ज्यांनी छिन्नीने कोरला ती माणसेही एवढ्याच उंचीची होती.